नटाचा नळ आन माजा साडू

त्या वक्ताला सोलापुरात जेवढी मानसं हुती त्यातली निम्मी एकटा माजा साडूच हुता, आन उरलेली निम्मी त्येच्या हाताला अजून लागायची हुती. फौजदार म्हना, गिरणीचा मुकादम म्हना, देवळाचा पुजारी म्हना. कुनाची बी चाल, कुनाचं बी खाकरनं, कुनाचं बी धोतर सावरनं त्येनं एकदा बघितलं की ते त्येच्या अंगात जाऊन बसायचं, आन मग दोन दिवस भाईर निघायचं न्हाई. साडू म्हंजे माज्या बायकोच्या धाकट्या भनीचा, शेवंताचा, नवरा. गिरणीत साच्यावर, म्हंजे कापडाच्या मागावर, कामाला. अंगानं किडकिडीत, उंचीनं ना धड बुटका ना धड लांब, आन तोंड म्हनाल तर पुसलेल्या पाटीवानी. देवानं वर काय लिवलंच न्हवतं. पाटीचं मला लई कळतंय असं मातूर समजू नगा. मी शाळंत गेलो ते दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मास्तर सोता घरी येऊन बापाला म्हनलं, "ह्येला पाटवू नका, बाकीची पोरं माझं सोडून ह्येचं ऐकायला लागलीत." बापाला वाटलं ही पोराची तारीफ हाय. त्येनं गल्लीत पेढं वाटलं.

एका जागी बसलेला साडू मी कवा बघितला न्हाई. भाकरी उभ्यानं खायाचा, एक घास चुलीम्होरं आन दुसरा दारात. दाढी कराय गेला तर न्हावी वस्तरा घिऊन त्येच्या मागनं पिंपळाला फेऱ्या घालायचा. भोंगा व्हायच्या आदी अर्धा तास ह्यो गिरणीच्या दारात येरझाऱ्या घालनार, आन सुटला की सरळ घरी येनार न्हाई, चार गल्ल्या हिंडून चार मानसं अंगात भरून घिऊन येनार. मी एकदा म्हनलं, "अरं साडू, वाईच टेक की. बसल्यानं काय मरतोस काय?" तवा म्हनला, "ब-बसलं की मला मीच आटवतो." ही एक आनि गंमत. सोताच्या आवाजात बोलाय लागला की गडी अडखळायचा, पैलं अक्षर दातात धरून बसायचा. आन दुसऱ्याच्या आवाजात सुरू झाला की कानडी, तेलगू, मुसलमानी, मागाल ते धो धो. शेवंताला मागनी घालाय आला तवा समदी बोलनी त्येनं बापाच्या आवाजात केली, आन बाप शेजारी बसून नुसता मान हालवत हुता. सासऱ्याला वाटलं, व्याही लई बोलका दिसतोय, पोरगं गरीब हाय.

सोंगाची विद्या त्येला एका बहुरूप्यानं दिली हुती. बहुरूप्याचा नियमच असा की एकदा सोंग घेतलं की कुनी वळखल्याबिगर उतरायचं न्हाई, आभाळ पडलं तरी. त्येच्यावरनं आमच्या बोळात एक रीत पडली. साडू सोंग घिऊन आला की जो पैल्यांदा वळखंल त्येनं म्होरं हून त्येचा कान धरायचा. कान धरला की साडू वाकून मुजरा करनार, सोंग उतरवनार, आन धरनाऱ्याची मान दिवसभर ताठ. आमच्यात धा वर्साच्या पोरीनं कान धरलाय, आंधळ्या म्हातारीनं नुसत्या वासावर कान धरलाय. मी मातूर सात वर्सांत एकदा बी न्हाई. फौजदार हून आला तर मी न इचारताच सांगून टाकलं की शिमग्याला वखारीतली लाकडं मीच वडून आनली. आरोग्य खात्याचा साहेब हून आला तर मी आमची मोरी घासली आन भीतीपोटी शेजारच्याची बी घासली. एकदा तर माजी सासू हून आला. मी पायावर डोस्कं ठिवून कबूल केलं की बायकोला गड्ड्याच्या जत्रंला न्हेतो. मागनं बायकोनं हासत हासत त्येचा कान धरला, पर जत्रंला न्यावं लागलंच. बोळातली मानसं म्हनायची, "सोंग जमलंय का न्हाई बगायचं असंल तर आदी ह्येच्या म्होरं उभं करा. हितं पकडलं गेलं तर मग ते सोंगच न्हवं."

असा मानूस राजकारनात कसा शिरला ते सांगतो. आमचा बोळ गिरणीच्या मागच्या भिंतीला. मुनशिपालटीचा नळ अलीकडच्या गल्लीत आला, पलीकडच्या गल्लीत आला, आन आमच्या बोळावरनं उडी मारून गेला. आमच्या बायका पानी आनायच्या ते लांबच्या इहिरीवरनं. पायऱ्या समद्या शेवाळलेल्या. आदल्या साली तितंच भरली घागर घिऊन शेवंता घसरली, खुबा निखळला, आन त्यो काय परत नीट बसला न्हाई. तवापास्नं ती लंगडत चालायची. पर पानी कुनाला चुकलंय? दिवसाला तीन खेपा हुत्याच. साडू त्यावर तोंडानं कवा काय बोलला न्हाई. पर नळ त्येच्या डोस्क्यात असा शिरला की बाकी समदी मानसं भाईर पडली आन एकच मानूस आत ऱ्हायला, आमच्या भागाचं मेंबर. हे मेंबर सुताचं व्यापारी, शेट. दर निवडनुकीला बोळाच्या तोंडाशी उभं ऱ्हायाचं, छातीवर हात ठिवायचं आन नळ कबूल करून जायाचं. तीन येळा कबूल केला हुता. चौथी निवडनूक आली.

साडूनं मोडका धोटा घेतला. साच्यात हिकडनं तिकडं धावतो त्यो लाकडाचा धोटा. त्येचा तासून तासून नळ केला आन माज्या घराच्या भिंतीत ठोकला, कारन माजं घर बोळाच्या तोंडाला. मग पोटाला कापसाचा कचरा बांदून, डोस्क्याला तांबडं पागोटं घालून शेट हून आला आन नळाची पूजा मांडली. बायका घागरी घिऊन वळीनं उभ्या. हा छातीवर हात ठिवून म्हननार, "मायबहिनींनो, येत्या पाडव्याला पानी!" बायका म्हननार, "कंच्या सालच्या, शेट?" हा म्हननार, "साल कशाला काडता? पाडवा ठरला की!" मग लाकडाचा नळ पिळायचा, रिकाम्या घागरीत 'घळघळघळ' असा तोंडानं आवाज काडायचा, आन घागर भरली म्हनून बाईच्या डोईवर उचलून द्यायाचा. ती बी कंबर मोडल्यावानी चालत जायाची. पंदरा दिवसांत ते बगायला शुक्रवार पेठेतनं मानसं याय लागली. पुढं तर शेटचा टांगा कुठनं बी गेला की रस्त्यावरची पोरं, दुकानातलं गडी, समदी नुसती मूठ पिळायची, नळ सोडल्यागत. बोलायचं कुनी न्हाई. शेटनं टांग्याला पडदं लावलं.

मी सगळ्यात म्होरं. हासायला मीच, घागर धरायला मीच. मला वाटलं झालं, शेट पडलं. त्येंच्या इरोधात एक मास्तर उभं हुतं. मानूस सोन्यासारखा, पर आवाज इतका बारीक की सभेत म्होरच्या वळीला बी न्हाई पोचायचा. तरी मानसं म्हनाय लागली, मास्तरलाच द्यायाचं. ज्यांच्या नावावर घरफाळा त्यांनाच तवा मत. साडूला मत न्हवतं. मला हुतं, सासऱ्याचं घर माज्या नावावर झालं हुतं म्हनून. ज्येच्याकडं डोस्कं त्येला मत न्हाई आन मत माज्याकडं, अशी आमच्या बोळाची वाटनी. मी म्हनलं, "साडू, शेटला पार झोपवलास की!" त्यो भिंतीपास्नं भिंतीपतोर येरझाऱ्या घालत म्हनला, "हा-हासत्यात आन घरला जात्यात. हासून घागर भ-भरत न्हाई."

आन झालं बी तसंच. त्या मासात एक मोठी नाटक कंपनी सोलापुरात उतरली. तिच्यातला बडा नट बाईचं काम करायचा, आन अशी बाई की आमच्या बायका तिला बगून लुगडं नेसायचं शिकल्या. माजी बायको त्यांच्यासारखाच आंबाडा घालायची आन त्यांच्यासारखीच मान वळवायची. मान वळवताना दोनदा तिची आमटी उतू गेली. मी पिटात बसून एकच नाटक सा येळा बघितलं आन साही येळा त्याच जागी रडलो; सातव्या येळंला तब्बेत बरी न्हवती म्हनून घरी बसूनच रडलो. त्या नटानं कुठल्याशा सत्कारात सांगितलं की च्या पिनं गळ्याला वाईट. चार दिवस आमच्या नाक्यावरच्या हाटेलात माशी फिरकली न्हाई. हमाल बी गळा सांभाळाय लागलं. शेटनं काय केलं, ह्या नटाला, समदी त्येला राव म्हनायची, आपल्या घरी उतरवून घेतलं आन दवंडी पिटली की ऐतवारी सकाळी राव सोता आमच्या बोळात येनार आन शेटसाठी दोन शब्द बोलनार.

सांजच्याला बोळ पलटला. सकाळी मूठ पिळनारी मानसं सांजला आंब्याची पानं वटीत घिऊन तोरन बांदत हुती. मी सगळ्यात म्होरं. मीच भिंतीला चुना मारला, आन चुन्याला आडवा येतो म्हनून त्यो लाकडाचा नळ मीच माज्या हातानं उपटून काडला. साडू बगत हुता. नळ उचलून कंबरंला खवला आन गेला.

शुक्रवारी सांजला बोळात राव आलं. दोन दिवस आदीच! जरीचं लुगडं, नाकात नथ, पाऊल असं टाकत्यात की धुळीला बी लागू ने. तोंडानं पद गुनगुनत्यात. बायका पदर तोंडाला लावून रडाय लागल्या. मी घरात पळालो, ऐतवारसाठी आनलेला हार घेतला, गळ्यात घातला आन पायावर पडलो. वर बघितलं तर आंधळ्या म्हातारीनं कान धरलेला, साडू मुजरा करतोय, आन बोळ पोट धरून लोळतोय. "अवं, ह्येनं साडूला हार घातला! साडूच्या पाया पडला!" माजी सख्खी बायको त्यात. त्या दिवशी मी आन घेतली, का पुढच्या येळंला काय बी होऊ दे, पैल्यांदा कान धरनार तर मीच.

ऐतवार उजाडला. बोळाच्या तोंडाला मांडव, बाजा, शेट, मुनीम, समदं गाव. मला कामगिरी दिली हुती मागच्या अंगाला उभं ऱ्हाऊन शेरडं आत येऊ द्यायची न्हाईत, एवढीच. आन तितं, मागच्या अंगानं, एकटाच एक मानूस आत आला. टांगेवाल्यानं गर्दी टाळून त्येला मागं उतरवलं हुतं, हे मला मागनं कळलं. गळ्याला मफलर गुंडाळलेला, डोळ्याला चष्मा, डोस्क्यावर टक्कल, पोट सुटलेलं, खोकत खोकत येतोय. मी बघितलं. नाक नटाचं, जिवनी नटाची, बाकी समदं फसलेलं. साडू! आज घावलास. मी शेरडं सोडली, म्होरं झालो आन कचकन कान धरला. आन नुसता धरला न्हाई. "वळखलं! म्या वळखलं!" करत कानाला धरून त्येला पार मांडवापतोर वडत आनला. मानूस एवढा चकित झाला हुता की चालत आला बिचारा. मांडवात उभा करून मी समद्यांच्या म्होरं त्येच्या पोटावर थाप मारली आन म्हनलं, "साडू, आज जमलं न्हाई गड्या. परवाचं लई ग्वाड हुतं. पोट कशाला एवढं भरलंस?"

बाजा थांबला. शेटचं तोंड चुन्यावानी झालं. "अरं सोड! सोड त्यांचा कान! राव हायेत ते!" पोटात कापूस न्हवता हे माज्या हाताला तवाच कळलं हुतं, पर बोटं कानावरनं सुटंनात. मागनं कुनी तरी बोललं, "खरं हाय की. परवाचाच जास्त नटावानी हुता!" झालं, हशा पिकला. "परवाचा आना! परवाचा आना!" शेट हात जोडत हुतं, मुनीम मला ढकलत हुता. राव कान चोळत उभं हुतं. आवाज बसलेला, पर हळूच इचारलं, "परवाचा कोण?"

साडू मोरीजवळ उभा हुता. शेवंताच्या इहिरीच्या खेपंला जायाचं म्हनून घागर हातात, गिरणीचीच बंडी अंगात. सोंगाबिगर आल्यामुळं त्येच्याकडं कुनाची नजर गेली न्हवती. मानसांनी त्येला म्होरं काडला. राव म्हनलं, "कर बघू. मीही पाहतो." साडूनं तोंड उघडलं. "मा-मालक, न-न-न..." नळ म्हनायचं हुतं त्येला. शेटची मानसं हासाय लागली. शेवंता भिंतीला टेकून खाली बगत हुती. मग त्येनं घागर खाली ठिवली, डोईवरची टोपी काडली, मान वाईच कलती केली, आन त्या किडकिडीत अंगातनं त्या नटाचा नाटकातला आवाज निघाला. साडी न्हाई, नथ न्हाई. "कबूल केलेले तीन पाडवे झाले, आणि घागर माझी अजून रिकामीच आहे. त्या पायऱ्या मी उतरते, चढते, पुन्हा उतरते. एके दिवशी पडले, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरलेच. आम्ही सांगितलं की लोक हसतात. तुम्ही सांगितलं की लोक ऐकतात. मग तुम्हीच सांगा ना."

कुनी हासलं न्हाई. राव डोळं मिटून ऐकत हुतं. उघडलं तवा साडूकडं बगून म्हनलं, "हा माझा दोन वर्षांपूर्वीचा आवाज आहे. माझ्याकडं तो आता राहिला नाही." मग शेटकडं वळलं. "शेटजी, हे मीच बोललो असं समजा. कंपनीचा मुक्काम हलायच्या आत मी या बोळात नळाचं पाणी पिणार. नाही पाजलंत, तर शेवटच्या खेळाला पडद्यापुढं येऊन तसं सांगेन." शेटनं छातीवर हात ठिवला. पर आवंदा पाडवा न्हाई निघाला तोंडातनं, नेमका दिवस निघाला. मानसांनी रावांना खांद्यावर घेतलं. "राव की जय!" मी सगळ्यात म्होरं. ह्या गडबडीत साडूनं घागर उचलली आन कवा गेला कुनी बघितलं न्हाई.

मला वाटलं हुतं आता जोडं पडनार. तर रावांनी मला जवळ बोलावून सोताचा फोटू दिला, लुगड्यातला, आन म्हनलं, "इतक्या वर्षांत मला नीट ओळखणारा तूच एक भेटलास." मी फुगलो. अशा फुगलेल्या टायमाला शेटचा मुनीम माज्या शेजारी येऊन बसला, पान पुढं केलं. "गुनी मानूस हो तुमचा साडू. कुटं असतो?" मी सांगितलं. कंची गिरणी, कंचं खातं, कितव्या साच्यावर, कंचा मुकादम. मुनीम म्हनला, "आनि कुनाकुनाची सोंगं काडतो?" मी म्हनलं, "अवं, कुनाची म्हनून काय इचारता! मॅनेजर सायबाचं तर असं काडतो, असं काडतो, की आख्खं खातं साचं थांबवून बगत बसतं!" मुनीमानं आनि एक पान दिलं. मी ते बी खाल्लं.

नळ आला. खरंच आला. राव आलं, हारतुरं झालं, पैला तांब्या त्येंच्या हातात दिला; गार पान्यानं गळा बसंल म्हनून त्येंनी नुसता व्हटाला लावला आन पानी खाली वतलं. त्याला नटाचा नळ हेच नाव पडलं. निवडनूक झाली. मी असा इचार केला, का नळ दिला शेटनं, शेटला सांगितलं रावांनी, आन रावांचा फोटू माज्या घरात. मग मत कुनाला? समद्या बोळानं असाच इचार केला असनार. शेट निवडून आलं. मास्तर पुढं एकदा रस्त्यात भेटलं, काय तरी बोललं. मला ऐकू आलं न्हाई, पर मी हासून मान हालवली.

आठ दिवसांनी मुकादमानं साडूला गिरणीच्या दारातच अडवलं. "सायबाचं सोंग काडतोस म्हनं? आता घरी बसून काड." दुसऱ्या गिरणीत गेला तर त्येच्या आदी त्येचं नाव तितं पोचलेलं. पंदरा दिवस त्यो सोलापूरभर हिंडला, आन सांजला घरी येताना त्येच्या अंगात कुनी बी नसायचं. कुनी सांगितलं हे त्येनं मला इचारलं न्हाई. मी बी सांगितलं न्हाई. मी नळावर पानी भरताना हात धुवायचो, परत धुवायचो. शेवटी हुबळीला गिरणीत मानसं भरनारा, वळखीचा एक जाबर भेटला, आन ती दोघं निघाली.

सकाळी बोचकं बांदून दारात आली. शेवंतानं नळावर शेवटची घागर भरून आमच्या घरात आनून ठिवली. मी तीन दिवस मनात एक वाक्य घोळवत हुतो. तोंड उघडलं, तर निघालं काय, "हुबळीला कानडीत हासत्यात म्हनं!" कुनी हासलं न्हाई. साडूनं माज्याकडं बघितलं. मग टोपी मागं सारून डोस्कं खाजवलं, एका पायावरनं दुसऱ्या पायावर झाला, नाक वर वडलं, आन माज्या आवाजात म्हनला, "साडू, त्या मुनीमाला म्याच सांगितलं. मला कुनी चांगलं म्हनलं की माज्या तोंडाला कुलूप ऱ्हात न्हाई. चुकलं माजं." मी घोळवत हुतो त्यातला एक शब्द इकडचा तिकडं न्हवता. आन तसाच उभा ऱ्हायला, माजं सोंग घिऊन. रीतीपरमानं मी कान धरायचा हुता. मी धरला न्हाई. धरला असता तर सोंग उतरलं असतं, आन मग त्येला सोताच्या आवाजात काय तरी बोलावं लागलं असतं. ते काय असंल ह्येचं मला भ्या वाटलं. त्यो माज्याच चालीनं बोळाच्या तोंडापतोर गेला. शेवंता म्हनली, "येतो दाजी," आन त्येच्या मागं गेली.

पुढं हुबळीस्नं दोन कागदं आली, मग बंद झाली. रावांची कंपनी बी मोडली म्हनत्यात, पर त्येंचा फोटू अजून घरोघर हाय, माज्या बी भिंतीवर हाय. साडूचा फोटू कुनी काडलाच न्हवता. एका शिमग्याला बोळातल्या नव्या मानसांना दावावं म्हनून मी त्येचंच सोंग घ्यायचं ठरवलं. बंडी घातली, टोपी घातली, दारात उभा ऱ्हायलो आन अडलो. फौजदार कसा चालायचा ते मला येतं, शेट येतं, राव येत्यात, समदी त्येच्याकडनंच बघितलेली. त्यो सोता कसा चालायचा ते आटवंना. बायकोला इचारलं. ती चुलीजवळनं म्हनली, "लंगडत चालायचा की, शेवंतासंगं." मी म्हनलं, "ते सोंग हुतं. बायकोची नक्कल करतोस व्हय रं, म्हनून मीच एकदा समद्यांम्होरं त्येला शिवी दिली हुती." ती म्हनली, "सोंग कुटलं? ती मागं पडू ने म्हनून तिच्या पावलानं चालायचा. ती डाव्या पायावर थांबली की ह्यो बी थांबायचा. तुमास्नी कवा काय कळलंय?"

बोळात तवा कुनी न्हवतं. मी टोपी तशीच ठिवली आन दारापास्नं नळापतोर त्या चालीनं चालून बघितलं. थांबत, पाऊल टाकत, परत थांबत. चार ढांगांची वाट. लई येळ लागला.